सीटखालची पिवळी पिशवी

"बाबा, उद्या माझ्या मशीनची परीक्षा आहे," लेक चहात बिस्कीट बुडवत म्हणाली, "आणि कचरा आपल्याच भागातला घेणार आहेत."

वर्तमानपत्राआडून एक्स-रेकाकांचं डोकं वर आलं. "आपल्या भागातला म्हणजे? आपल्या इमारतीचासुद्धा?"

"आपल्या इमारतीचाच. सकाळची पहिली गाडी आपल्या दारातून सुटते ना, तीच थेट पट्ट्यावर रिकामी करायची असं ठरलंय. मोठे साहेब स्वतः उभे राहून बघणार. पसंत पडलं तर मशीन कायमचं राहील. नाही पडलं तर कंपनीवाले खोक्यात भरून परत नेतील."

"आणि तू?"

"मी काय, पुन्हा ऑफिसात बसून तक्रारींचे फोन घ्यायचे." बोलता बोलता बिस्कीट तुटून कपात पडलं. ते चमच्यानं काढायचंही लेकीला सुचलं नाही, तेव्हा परीक्षा किती मोठी आहे ते काकांना कळलं.

काकांचा उभा जन्म इस्पितळाच्या एक्स-रे खोलीत गेला होता. अर्ध्या शहराची हाडं त्यांच्या हाताखालून गेली होती, आणि इमारतीत त्यांचं खरं नाव फक्त विजेच्या बिलावर उरलं होतं. "श्वास घ्या… धरा… सोडा" हे त्यांनी इतक्या वेळा म्हटलं होतं, की निवृत्त झाल्यावरही लिफ्ट अडकली, शेजारचं मूल रडायला लागलं किंवा बायको रागावली, तरी तोंडातून आधी तेच बाहेर पडायचं. निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी त्यांना त्यांचाच जुना शिशाचा एप्रन भेट दिला होता. एप्रन एवढा जड, की पलंगाखालच्या ट्रंकेत जो गेला तो तिथेच राहिला. त्या ट्रंकेला कुणी हात लावायचा नाही अशी काकांची सक्त ताकीद होती, आणि काकूंनी ती आपल्या कंबरेच्या भल्यासाठी पाळली होती.

मुलगी इंजिनीअर झाली तेव्हा काकांनी सगळ्या इमारतीला चहा पाजला होता. तिनं कचरा केंद्रात नोकरी धरली तेव्हा मात्र नातेवाइकांनी नाकं मुरडली. "एवढं शिकून शेवटी कचराच," असं काकांचा मेहुणा म्हणाला होता, आणि ते वाक्य काकांच्या छातीत रुतून बसलं होतं. कुठल्याही फिल्मवर दिसलं नसतं, पण होतं.

लेकीचं काम त्यांनी एकदा समजून घ्यायचा प्रयत्न केला होता. केंद्रात एक लांबलचक पट्टा सरकत असतो. त्यावरून कचरा जातो. वर एक कॅमेरा असतो, आणि डोळ्यांना न दिसणारा उजेड. बाटलीचं प्लास्टिक तो उजेड एका तऱ्हेनं परत फेकतं, दुधाच्या पिशवीचं दुसऱ्या तऱ्हेनं, आणि डब्याचं तिसऱ्याच. कॅमेरा त्यावरून ओळखतो की हे कोण, आणि पुढे हवेची नळी फुस्स करून त्या वस्तूला बरोबर तिच्या खणात उडवते. लेकीनं हे सगळं नीट समजावलं होतं. काकांनी मात्र 'कॅमेरा' आणि 'डोळ्यांना न दिसणारा उजेड' एवढंच ऐकलं आणि पुढे कान बंद केले.

"म्हणजे एक्स-रेच," ते तेव्हा म्हणाले होते.

"एक्स-रे नाही हो बाबा."

"तत्त्व एकच. आमच्या घराण्यातच आहे ते."

तर अशा माणसाला कळलं की उद्या आपल्या लेकीच्या कॅमेऱ्याखाली आपल्या इमारतीचा कचरा जाणार, आणि तो मोठे साहेब बघणार. लेक कामावर गेली आणि काकांनी बिनसाखरेचा चहा औषधासारखा एका घोटात संपवला. डॉक्टरांनी साखर बंद केल्यापासून ते चहा तसाच पीत, आणि प्यायल्यावर काकूंकडे अशा नजरेनं बघत की जणू साखरेचा शोध लावून तो काकूंनीच लपवून ठेवलाय.

"पाहुणे येणार म्हटल्यावर आपण घर आवरतो की नाही?" त्यांनी काकूंना विचारलं.

"कोण पाहुणे?"

"मोठे साहेब. आपल्या घरी नाही, आपल्या कचऱ्याकडे येताहेत. मग कचरा आवरायला नको?"

काकूंनी भाजी चिरणं थांबवलं नाही. "कचरा आवरला की त्याला सामान म्हणतात," त्या म्हणाल्या.

पण काका तोवर जिना उतरत होते. दुपारी त्यांनी गच्चीवर सगळ्यांना बोलावलं. वरच्या मजल्यावरच्या निवृत्त हेडबाई आल्या, शेजारचे विमावाले आले, बाकीचेही आले. काकांनी कमरेवर हात ठेवून आधी लेकीच्या मशीनची थोरवी सांगितली, आणि मग रुग्णाला टेबलावर घ्यायच्या आधी द्यायच्या सूचना द्यायला सुरुवात केली.

"सगळं स्वच्छ धुऊन, पुसून, वाळवून ठेवायचं. धातू अंगावर नको, पत्र्याची झाकणं काढून टाका. आणि वस्तू हलता कामा नये. हलली की फोटो बिघडतो. म्हणून लहान बाटल्या मोठ्या डब्यात घट्ट बसवा."

"पण डब्यात घातल्या तर दिसणार कशा?" हेडबाईंनी विचारलं. प्रश्न रास्त होता, पण वर्गातला हुशार मुलगा नेमका नको तेव्हा बोट वर करतो तसं काकांना वाटलं.

"बाई, तुमच्या गुडघ्याचा फोटो मी काढला, तेव्हा गुडघा बाहेर काढून ठेवला होता का?"

गच्चीवर हशा पिकला आणि हेडबाई गप्प बसल्या. इथेच खरं तर घात झाला.

"आणि शेवटचं," काका म्हणाले, "सगळं काळ्या पिशवीत भरून गच्च गाठ मारायची. फोटोच्या मालाला उजेड लागता कामा नये. आम्ही फिल्म काळ्या कागदातून बाहेर काढत नव्हतो. उजेड लागला की सगळं मुसळ केरात."

"केरातच तर टाकायचंय," विमावाले पुटपुटले, पण कुणाचं लक्ष नव्हतं.

मग काय विचारता. संध्याकाळपर्यंत इमारतीच्या प्रत्येक गॅलरीत कपड्यांच्या दोरीवर बाटल्या वाळत होत्या. ज्यांनी घरातल्या कपबशा कधी नीट विसळल्या नव्हत्या, ते लोक शांपूच्या बाटल्या ब्रशनं घासत होते. हेडबाईंनी लेबलं ओल्या फडक्यानं अशी सोलून काढली की बाटल्यांना आपण कोण होतो ते आठवू नये. विमावाल्यांच्या घरी कचरा फारच कमी निघाला. तेव्हा चारचौघांत हसं नको म्हणून त्यांनी आपल्या भावाच्या घरून मागवून घेतला. "आमच्याकडे काळजीपूर्वक वापर असतो," ते जिन्यात भेटेल त्याला सांगत होते.

काका मजल्यामजल्यावर फिरून गाठी तपासत होते. घरी आले तेव्हा काकू पाय पसरून बसल्या होत्या.

"तुम्ही घरातलं प्लास्टिक काढलंत की नाही?" काकांनी विचारलं. "एकूण एक निघालं पाहिजे. कोपरान् कोपरा शोधा. सगळी इमारत शोधतेय, आणि आपल्याच घरात राहिलं तर लोक काय म्हणतील?"

"कोपरान् कोपरा?" काकूंनी विचारलं.

"कोपरान् कोपरा."

"लोकांच्या पोटात काय आहे ते तुम्हाला जन्मभर दिसलं," काकू उठत म्हणाल्या, "पण बोलताना आपण कुणाला काय सांगतोय, ते काही दिसत नाही."

हे वाक्य काकांनी नेहमीच्या टोमण्यांच्या खात्यात टाकलं आणि ते पुढच्या मजल्यावर गेले.

सकाळी गाडी आली तेव्हा फाटकापाशी काळ्या पिशव्यांची रांग अशी शिस्तीत उभी होती की ड्रायव्हरला आधी वाटलं कुणीतरी घर बदलतंय. काका इस्त्रीचा शर्ट घालून, खिशाला पेन लावून तयार होते. लेक पहाटेच केंद्रात गेली होती. तिनं बापाला बोलावलेलं नव्हतं, पण मुलीच्या परीक्षेला बाप आमंत्रणाची वाट बघत नाही. ते सरळ ड्रायव्हरच्या शेजारी जाऊन बसले.

गाडी निघणार एवढ्यात काकू जिन्यावरून आल्या. हातात एक पिवळी, चुरगळलेली, जुनी पिशवी होती, आणि तिला कुठेतरी तेलाचा डाग होता.

"हे राहिलं होतं," त्या म्हणाल्या.

"हे? असं?" काकांचा चेहरा पडला. "धुतलं नाहीत?"

"रोज कचरा जसा टाकते तसाच टाकलाय. आणि तुमच्या सांगण्यावरून कोपरेही शोधलेत."

वाद घालायला वेळ नव्हता, आणि सगळी इमारत गॅलरीत उभी राहून हात हलवत होती. काकांनी पिशवी घेतली आणि गाडी वळणावर गेल्याबरोबर ती सीटखाली सारली.

"ही मागे नाही टाकायची का?" ड्रायव्हरनं विचारलं.

"ही नको. घराण्याच्या अब्रूचा प्रश्न आहे."

ड्रायव्हरनं रोज एवढा कचरा उचलला होता, पण कचऱ्याला घराणं असतं हे त्याला नवीन होतं.

केंद्र म्हणजे पत्र्याची उंच शेड. एका टोकाला गाड्या रिकाम्या होतात, तिथे हातात लोखंडी आकडे घेतलेल्या बाया पिशव्या फोडून माल पट्ट्यावर पसरतात. पुढे पट्टा चढावर जातो, कॅमेऱ्याच्या पेटीखालून सरकतो, आणि पलीकडे खण. बाजूला लोखंडी जिन्यावर काचेची खोली, तिथे पडदा आणि लेक. काका गाडीतून उतरले ते ताठ मानेनं. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन आणि चालण्यात हुकूम. पिशव्या फोडणाऱ्या बायांना वाटलं, कंपनीचा माणूस आला.

मुकादमीण पुढे आली. "साहेब, सुरू करू का फोडायला?"

आपल्याला साहेब म्हटलं, हे काकांना चुकीचं वाटायला हवं होतं. त्यांना ते उशिरा मिळालेलं वाटलं. "अजिबात फोडायचं नाही," ते म्हणाले. "एकही गाठ सोडू नका. कॅमेऱ्याला आतलं दिसतं. तशाच लावा पट्ट्यावर, एकापाठोपाठ एक."

"बरंच झालं की मग," मुकादमीण म्हणाली, आणि बायांनी आकडे बाजूला ठेवले.

वर मोठे साहेब येऊन उभे होते. लेकीनं डोक्यावरचं हेल्मेट नीट केलं, बटण दाबलं, आणि पट्टा सुरू झाला. काळ्या पिशव्या एकामागून एक डौलात वर चढल्या, कॅमेऱ्याखालून गेल्या, आणि पलीकडे उरल्यासुरल्या मालाच्या ढिगात धपाधप पडत राहिल्या. एकही नळी फुस्स म्हणाली नाही.

साहेबांनी पट्ट्याकडे बघितलं. मग पडद्याकडे बघितलं. पडद्यावर नुसताच रिकामा पट्टा सरकत होता.

"मॅडम, मला पिशव्या दिसताहेत," साहेब म्हणाले. "तुमच्या मशीनला दिसत नाहीत का?"

लेकीचा चेहरा पांढरा पडला. तिनं काचेतून खाली बघितलं आणि पट्टा थांबवला. लोखंडी जिना ती दोन-दोन पायऱ्या टाकत उतरली, मागोमाग साहेब.

"पिशव्या का नाही फोडल्या?" तिनं मुकादमिणीला विचारलं.

"हे साहेब नको म्हणाले."

लेकीनं वळून बघितलं. "हे साहेब नाहीत," ती हळूच म्हणाली. "हे माझे बाबा आहेत."

काकांना वाटलं, फोटो काढताना आपण जिच्या आड उभे राहायचो ती इस्पितळातली जाड भिंत या वेळी मध्ये असती तर बरं झालं असतं.

"काळा रंग कुणी सांगितला, बाबा?" लेकीनं विचारलं.

"उजेड लागू नये म्हणून…" काकांचा आवाज उतरला. "आतलं दिसतं ना याला?"

"नाही हो दिसत." ती साहेबांकडे वळली आणि बोलायला लागली, आणि बोलता बोलता तिचा आवाज सावरत गेला. "साहेब, हा कॅमेरा वस्तूच्या आत शिरत नाही. वस्तूवर उजेड पडतो आणि परत येतो, तो परत आलेला उजेड हा वाचतो. काळा रंग उजेड गिळून बसतो, परत काही देतच नाही. पट्टाही काळाच आहे, म्हणून पिशवी आणि रिकामी जागा याला सारखीच. ही याची मर्यादा आहे, आणि मी ती लपवणार नाही. म्हणूनच आधी हातानं पिशव्या फोडाव्या लागतात. मला पुन्हा एकदा चालवू द्या."

काका ऐकत होते. आपण किती मोठा घोळ घातला हे त्यांना पुरतं कळलं होतं, मान खाली गेली होती. आणि तरीही छाती भरून येत होती. चूक समोर पडलेली, वरिष्ठ डोक्यावर उभा, आणि मुलगी मशीनचं उणं लपवत नव्हती की बापाला बोल लावत नव्हती. असं आपल्याला त्या वयात जमलं नसतं, हे काकांनी मनातल्या मनात कबूल केलं.

साहेब म्हणाले, "चालवा."

बायांनी आकडे उचलले. पिशव्या फुटल्या, डब्यांत कोंबलेल्या बाटल्या उपसल्या गेल्या, आणि पट्ट्यावर माल पसरला. आता पडद्यावर रंगांची नुसती लयलूट झाली. बाटल्या निळ्या, दुधाच्या पिशव्या हिरव्या, डबे केशरी, आणि नळ्यांची फुस्स फुस्स सुरू झाली. हेडबाईंच्या सोललेल्या बाटल्या बरोबर आपल्या खणात गेल्या, विमावाल्यांच्या भावाचा कचराही रांगेत गेला. लेकीच्या खांद्यांवरचा ताण उतरला. काकांनी खिशातलं पेन सरळ केलं.

साहेब मात्र खणापाशी वाकले होते. त्यांनी एक बाटली उचलली, नाकाशी नेली, उजेडात धरली.

"मॅडम, ही धुतलेली आहे."

"हो… दिसतेय खरी."

"सगळ्याच धुतलेल्या आहेत. लेबल नाही, डाग नाही, वास तर साबणाचा येतोय. उभ्या नोकरीत मी असा कचरा पाहिला नाही. हा कचरा नाही, हा प्रदर्शनाचा माल आहे." साहेबांचा आवाज कोरडा झाला. "परीक्षेआधी पेपर फोडल्यासारखं झालं हे. खरा कचरा तेलकट, चिकट, लेबलांचा. त्याचं काय करणार तुमचं मशीन?"

"साहेब, खऱ्या कचऱ्यावरच शिकवलंय याला. दुसरी गाडी मागवते."

"ती येईपर्यंत माझी पुढची बैठक सुरू होईल. निकाल राखून ठेवतो. मशीन तूर्त खोक्यात जाऊ दे, पुढचं पुढे बघू."

'पुढचं पुढे' म्हणजे कधीच नाही, हे शेडमधल्या सगळ्यांना ठाऊक होतं. अति तिथे माती म्हणतात. काकांनी तर ती धुऊन, वाळवून, गाठ मारून आणली होती. त्यांना मेहुण्याचा चेहरा दिसला. मग त्यांनी लेकीकडे बघितलं. ती खालचा ओठ दातांत धरून उभी होती, शाळेच्या परीक्षेच्या दिवशी दारात उभी राहायची तशी.

एवढ्यात ड्रायव्हर घसा खाकरून पुढे आला. "साहेब, एक पिशवी राहिलीय. माझ्या सीटखाली. ती कुणी धुतलेली नाही."

"ती नको," काकांच्या तोंडून गेलं.

साहेबांनी भुवया वर केल्या. "का नको?"

"एकच तर आहे. एका पिशवीनं काय कळणार…"

"शितावरून भाताची परीक्षा," साहेब म्हणाले. "आणा."

पिवळी पिशवी फुटली आणि काकांच्या स्वयंपाकघराची अब्रू पट्ट्यावर पसरली. तेलानं बरबटलेली बाटली, न विसळलेल्या दुधाच्या पिशव्या, आतून लाल झालेला सॉसचा डबा, औषधाची बाटली, लेबल अर्धवट फाटलेलं. काकांनी डोळे मिटून घेतले. कानावर मात्र फुस्स, फुस्स येत राहिलं, आणि त्यांनी एक डोळा उघडला. तेलकट बाटली निळ्यात गेली होती, पिशव्या हिरव्यात, डबा केशरीत. एकही वस्तू चुकली नव्हती.

"वा," साहेब म्हणाले. आणि मग त्यांचा चेहरा पुन्हा बदलला, कारण पिशवीचा तळ पट्ट्यावर रिकामा झाला होता.

तळाशी बाटल्या होत्या. गोड सरबताच्या, चपट्या, सगळ्या एकाच जातीच्या. एक गेली, दुसरी गेली, आणि मग त्या जातच राहिल्या. पडद्यावर निळ्याशिवाय दुसरा रंग दिसेना. नळी एवढ्या वेळा फुस्स म्हणाली की मुकादमिणीला हसू आवरेना.

काकांना त्या बाटल्या ओळखायला कॅमेरा लागला नाही. एकेक बाटली त्यांनी स्वतःच्या हातानं आणली होती, दार लावून प्यायली होती, आणि पलंगाखालच्या ट्रंकेत शिशाच्या एप्रनखाली ठेवली होती. खालच्या पिंपात टाकली असती तर हेडबाईंनी बघितली असती, आणि हेडबाईंनी बघितलं म्हणजे काकूंना कळलंच. शिशाच्या आड काय आहे ते कुठल्याही किरणाला दिसत नाही, या विद्येवर काकांनी विसंबून राहायचं ठरवलं होतं. कोपरान् कोपरा शोधा, हे सांगताना ट्रंक हाही कोपराच असतो, हे ते विसरले होते.

"एका घरात एवढं सरबत कोण पितं?" साहेब म्हणत होते. "एकाच जातीच्या बाटल्या, मशीनला ओळखायला सोप्या. हीसुद्धा कुणीतरी मुद्दाम भरलेली पिशवी दिसतेय. कुणाच्या घरची आहे ही?"

ड्रायव्हर भला माणूस. तो पत्र्याच्या छपराकडे बघायला लागला.

लेक काकांकडे बघत नव्हती. ती पडद्याकडे बघत होती आणि तिला काहीच ठाऊक नव्हतं. गप्प बसलं असतं तर झाकली मूठ सव्वा लाखाची राहिली असती. घरी काकूंचं काय ते बघून घेता आलं असतं. फक्त मशीन खोक्यात गेलं असतं.

काकांनी श्वास घेतला. धरला. आणि सोडला.

"साहेब, ती पिशवी आमच्या घरची आहे," ते म्हणाले. आवाज आधी चिरका निघाला, मग मोठा झाला. "तेलाची बाटली आमची, दुधाच्या पिशव्या आमच्या, आणि सरबताच्या बाटल्या माझ्या एकट्याच्या. मला साखर बंद आहे. मी चोरून पितो. बायकोला ठाऊक नव्हतं, म्हणजे मला वाटत होतं की तिला ठाऊक नाही. मुलीला तर अजून ठाऊक नव्हतं, आत्ता कळलं. धुतलेला कचरा मी करवला, काळ्या पिशव्या मी भरवल्या, बायांना मी अडवलं. त्यात माझ्या मुलीचा काडीचाही संबंध नाही. तिच्या मशीननं माझी चोरी पकडली आहे. यापेक्षा खरा कचरा तुम्हाला कुठे मिळणार आहे?"

लेकीचं तोंड उघडं राहिलं होतं. साहेब काकांकडे बघत राहिले. मग त्यांचं पोट हलायला लागलं, आणि बऱ्याच वेळानं हसू वरपर्यंत आलं.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "खोटा कचरा भरणारा माणूस त्यात स्वतःची चोरी टाकत नाही." मग ते काकांना एका बाजूला घेऊन गेले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "मलाही बंद आहे. तुम्ही कुठे ठेवत होता?"

"शिशाच्या एप्रनखाली."

"मी फायलींच्या कपाटात ठेवतो."

"कोपरे शोधायला कुणाला सांगू नका," काकांनी सल्ला दिला.

जाताना साहेबांनी लेकीला एवढंच सांगितलं, "मशीन इथेच राहू दे. खोकी कंपनीला परत करा. आणि काळ्या पिशव्यांबद्दल सगळ्या भागांना कळवा, नाहीतर प्रत्येक इमारतीत असे एकेक काका असतात."

साहेबांची गाडी गेल्यावर लेक बापासमोर येऊन उभी राहिली. बोलणी खायची तयारी ठेवून काकांनी मान खाली घातली. पण तिनं बायांकडे वळून सांगितलं, "हे माझे बाबा. आमच्या घरात कॅमेऱ्यामागे उभे राहिलेले पहिले हेच." काकांचे डोळे भरून आले. ते पुसायला त्यांनी रुमाल काढला तोच ती पुढे म्हणाली, "आणि उद्या सकाळी उपाशीपोटी रक्त तपासायला जायचंय."

इमारतीत बातमी त्यांच्याआधी पोचली होती, पण अर्धीच. सगळे फाटकापाशी जमले होते. "आमचा कचरा कसा गेला?" हेडबाईंनी निकाल ऐकायच्या स्वरात विचारलं. "पास झाला ना?"

"सगळे पास," काका म्हणाले. "पहिला नंबर मात्र आमच्या घरचा आला." आणि कुणी कारण विचारायच्या आत ते जिना चढून गेले.

घरी काकू दारातच उभ्या होत्या. काकांनी चपला काढल्या, खुर्चीत बसले, आणि काकूंनी पुढे केलेला चहा अर्धा प्यायले.

"केव्हापासून ठाऊक होतं?" शेवटी त्यांनी विचारलं.

"पहिल्या बाटलीपासून," काकू म्हणाल्या. "तुमच्या मिशांना सरबताचा रंग लागतो. तेवढं बघायला एक्स-रे कशाला लागतो? म्हटलं, स्वतःहून बोलतील कधीतरी. काल तुम्हीच म्हणालात, कोपरान् कोपरा."

"आणि त्या एप्रनचं वजन?"

"विमावाल्यांना बोलावलं होतं उचलायला."

म्हणजे विमावाल्यांनाही ठाऊक होतं. काकांनी उरलेला चहा निमूट संपवला. तो बिनसाखरेचा होता, आणि या वेळी त्यांनी काकूंकडे तसं बघितलं नाही.

काही दिवसांनी लेकीनं त्या दिवशीच्या पडद्याचं चित्र मोठ्या कागदावर छापून आणलं. केंद्रात एक लावलं होतं, एक घरासाठी. काळ्या पट्ट्यावर निळ्या बाटल्यांची लांबच लांब ओळ. काकांनी सवयीनं ते खिडकीच्या उजेडात धरलं, मान तिरकी करून डावीकडून उजवीकडे वाचलं आणि म्हणाले, "सुंदर आलाय. कडा बघ किती स्वच्छ. कुठे हललेला नाही." मग त्यांनी स्वतः खिळा ठोकला आणि चित्र बैठकीच्या खोलीत, येणाऱ्याची पहिली नजर जाईल अशा जागी लावलं.

मेहुणा आला तेव्हा त्याला बसूही न देता काका त्याला चित्रासमोर घेऊन गेले. "आमच्या मुलीच्या मशीननं काढलेला फोटो. तेलकट असो, चिकट असो, ओळखलं म्हणजे ओळखलं. शहरात दुसरं असं मशीन नाही."

मेहुणा बराच वेळ बघत राहिला. "मोठंच काम आहे हो पोरीचं," तो शेवटी म्हणाला, आणि काकांच्या छातीतलं ते जुनं वाक्य कुठल्या कुठे गेलं. "पण या एवढ्या बाटल्या आहेत तरी कुणाच्या?"

काकूंनी चहाचा ट्रे खाली ठेवला आणि नवऱ्याकडे बघितलं. आता हा माणूस काय सांगतो, हे त्यांना ऐकायचं होतं.

"माझ्या," काका ताठ बसून म्हणाले. "एकूण एक माझ्या."